वैद्यकीय हयगय

रुग्णावर उपचार करण्याचे काम स्वीकारलेल्या वैद्याने, परिचारिकेने वा रुग्णालयाने त्या कामी आवश्यक असलेले वाजवी ज्ञान, कौशल्य व दक्षता न वापरल्यामुळे रुग्णास इजा झाली, त्याचा आजार बळावला अथवा त्यास मृत्यू आला, तर त्या वर्तनास विधीच्या परिभाषेत वैद्यकीय हयगय असे म्हणतात. दिवाणी विधीनुसार हे एक अपकृत्य असून त्याबद्दल रुग्णास किंवा त्याच्या वारसांस नुकसानभरपाई मागता येते. हयगय अतिशय ढोबळ स्वरूपाची असेल, तर ती फौजदारी अपराधही ठरते. रुग्ण बरा झाला नाही किंवा दगावला, एवढ्यावरून हयगय सिद्ध होत नाही. वैद्याचे रुग्णाप्रत दक्षतेचे कर्तव्य होते, त्या कर्तव्याचा भंग झाला आणि त्या भंगामुळेच हानी झाली, या तीन गोष्टी दावा करणाऱ्यास शाबीत कराव्या लागतात. दक्षतेचे मोजमाप कोणी ठरवावे आणि तिच्या अभावाचा पुरावा रुग्णाने कोठून आणावा, या दोन प्रश्नांभोवतीच या विषयाचा इतिहास घडत गेला आहे. [→ अपकृत्ये; न्यायवैद्यक].

प्राचीन काळ : बॅबिलोनियाचा राजा हामुराबी याच्या इ. स. पू. अठराव्या शतकातील विधिसंहितेत वैद्याचे मोल व त्याची शिक्षा ही दोन्ही रुग्णाच्या सामाजिक दर्जावरून ठरविलेली आढळतात. शस्त्रक्रियेमुळे उच्चवर्गीय रुग्ण मेला किंवा त्याचा डोळा गेला, तर वैद्याचे हात तोडावेत. गुलाम मेला, तर त्याच्या मालकास दुसरा गुलाम द्यावा. गुलामाचा डोळा गेला, तर त्याच्या किंमतीच्या निम्मी रक्कम द्यावी, असे तीत सांगितले आहे. या संहितेत वैद्याच्या वर्तनापेक्षा उपचाराच्या परिणामाकडे पाहिले आहे. भरपाईची कल्पना तीत दिसते; परंतु ती मिळते मालकास आणि तीही मालमत्तेच्या हानीबद्दल. डायोडोरस या ग्रीक इतिहासकाराच्या वृत्तांताप्रमाणे प्राचीन ईजिप्तमध्ये ग्रंथोक्त नियमांनुसार उपचार करणारा वैद्य रुग्ण दगावला तरी निर्दोष मानला जाई. मात्र नियम सोडून उपचार केल्यास त्यास देहान्तापर्यंत शिक्षा होऊ शकत असे. मान्य प्रघात हे वैद्याचे संरक्षण होय, या पुढे दीर्घकाळ टिकलेल्या कल्पनेचे हे जुने रूप आहे.

भारतीय धर्मशास्त्र व अर्थशास्त्र यांत चुकीच्या चिकित्सेबद्दल दंड सांगितला आहे. मनुस्मृतीप्रमाणे जनावरांवर चुकीचे उपचार करणाऱ्यास प्रथम साहसदंड, तर माणसांच्या बाबतीत मध्यम साहसदंड होता. मनूच्या गणनेप्रमाणे हे दंड अनुक्रमे २५० व ५०० पण होत. याज्ञवल्क्याने राजपुरुषांच्या बाबतीत उत्तम साहसदंडाची भर घातली. कौटिल्याचे विवेचन अधिक सूक्ष्म आहे. प्राणास धोका असलेल्या व्याधीची आगाऊ सूचना न देता उपचार केले आणि रुग्ण दगावला, तर प्रथम साहसदंड. उपचारातील चुकीमुळे दगावला, तर मध्यम साहसदंड. आणि मर्मस्थानास इजा होऊन व्यंग आले, तर ते कृत्य शारीरिक हल्ल्यासमान समजावे, असे त्याने म्हटले आहे. सुश्रुतसंहितेत राजाच्या अनुज्ञेने व्यवसायास प्रारंभ करण्याचा, तसेच मुतखड्यासारख्या जोखमीच्या शस्त्रक्रियेपूर्वी राजाची संमती घेण्याचा निर्देश आहे. चरकसंहितेत प्राण राखणारा वैद्य व रोग वाढविणारा वैद्य असा भेद केला आहे. तथापि स्मृतिकारांनी सांगितलेला दंड राजकोशात जाई. इजा झालेल्या रुग्णास त्यातून काही मिळण्याची तरतूद या वचनांत नाही.

रोमन व इंग्लिश विधी : वर्तनातील दोष हा दायित्वाचा पाया मानण्याची परंपरा रोमन विधीत स्पष्ट झाली. इ. स. पू. तिसऱ्या शतकातील ॲक्विलियन विधीखाली अकुशलतेने शस्त्रक्रिया करणारा किंवा चुकीचे औषध देणारा वैद्य भरपाईस पात्र ठरे. जस्टिनियनच्या ५३३ मधील विधिग्रंथात कौशल्याचा अभाव हा दोषच होय, असे म्हटले असून शस्त्रक्रिया नीट करूनही पुढील शुश्रूषा सोडून देणारा वैद्यही दोषी ठरविला आहे.

इंग्लंडमध्ये १३७० नंतरच्या काही वर्षांत हाताच्या जखमेवरील उपचार बिघडल्याबद्दल लंडनच्या एका शस्त्रवैद्यावर दावा झाला. तो तांत्रिक दोषामुळे फेटाळला गेला. परंतु शस्त्रवैद्याने आपल्या शक्तीप्रमाणे सर्व दक्षता घेतली असेल, तर रुग्ण बरा न झाल्याबद्दल त्यास दोषी धरू नये, हे तत्त्व मुख्य न्यायाधीश जॉन कॅव्हेंडिश यांनी त्या वेळी सांगितले. १७६७ मधील ‘स्लेटर विरुद्ध बेकर’ या खटल्यात जुळत आलेले पायाचे हाड रुग्णाच्या संमतीवाचून पुन्हा मोडून त्यावर नवे उपकरण वापरून पाहण्यात आले होते. शस्त्रवैद्यांच्या प्रघाताविरुद्ध वागणे व संमती न घेणे या दोन्ही कारणांसाठी प्रतिवादी दोषी ठरले व रुग्णास ५०० पौंड भरपाई मिळाली. अमेरिकेत कनेटिकट राज्यात १७९४ मध्ये शस्त्रक्रियेनंतर पत्नी दगावल्याबद्दल पतीस ४० पौंड देण्यात आले. अमेरिकेतील अशा प्रकारच्या प्रसिद्ध झालेल्या आरंभीच्या निर्णयांत त्याची गणना होते.

दक्षतेचा मानदंड : विसाव्या शतकात उपचाराचे केंद्र वैद्याच्या खोलीतून रुग्णालयाकडे सरकले आणि दायित्व कोणाचे, हा प्रश्न पुढे आला. १९०९ च्या एका इंग्लिश निर्णयानुसार व्यावसायिक कामातील डॉक्टरांच्या चुकीबद्दल रुग्णालय जबाबदार नव्हते. ही भूमिका १९४२ पासून ढासळू लागली. १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाल्यानंतर, १९५१ च्या ‘कॅसिडी’ खटल्यात पगारी डॉक्टर व परिचारिका यांच्या हयगयीबद्दल रुग्णालय जबाबदार धरण्यात आले. घटनेच्या वेळी उपलब्ध असलेल्या ज्ञानावरूनच वैद्याचे वर्तन तोलावे, मागाहून झालेल्या ज्ञानावरून नव्हे, हे तत्त्व १९५४ च्या ‘रो’ खटल्यात मान्य झाले.

या विषयातील सर्वाधिक उल्लेखिला जाणारा निर्णय म्हणजे १९५७ चा ‘बोलम’ खटला होय. मनोरुग्णालयात विद्युत्-आघात उपचार घेताना स्नायू शिथिल करणारे औषध न दिल्यामुळे रुग्णाची हाडे मोडली होती. असे औषध द्यावे की न द्यावे, याविषयी त्या काळी डॉक्टरांत मतभेद होते. त्या शाखेतील जबाबदार व्यावसायिकांच्या एका गटाने योग्य मानलेल्या पद्धतीनुसार वागणारा डॉक्टर, दुसऱ्या गटाचे मत वेगळे असले तरी, हयगयीचा दोषी ठरत नाही, असे न्यायाधीशांनी ज्यूरीस सांगितले आणि निर्णय प्रतिवादींच्या बाजूने लागला. या कसोटीमुळे नव्या उपचारपद्धतींना संरक्षण मिळाले. मात्र दक्षतेची पातळी ठरविण्याचा अधिकार व्यवहारतः वैद्यक व्यवसायाकडेच राहिला. १९९७ च्या ‘बोलिथो’ निर्णयाने तज्ञांचे मत तर्कास टिकणारे असले पाहिजे, अशी मर्यादा घातली. उपचारातील जोखमीची माहिती देण्याच्या बाबतीत तर ही कसोटी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या ‘मंटगमरी’ निर्णयात सोडून दिली आणि रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाची असलेली जोखीम त्यास सांगणे हे डॉक्टरांचे कर्तव्य ठरविले.

भारतातील प्रारंभ : ब्रिटिश अमदानीत इंग्लिश अपकृत्य विधीची तत्त्वे न्याय, समदृष्टी व सद्‌सद्विवेक यांच्या आधारे भारतीय न्यायालयांत लागू झाली. १८५५ च्या प्राणांतिक अपघात अधिनियमाने मृताच्या जवळच्या नातलगांस भरपाई मागण्याचा हक्क दिला. १८६० च्या भारतीय दंड संहितेत १८७० मध्ये ३०४-अ हे कलम घालण्यात येऊन हयगयीने मृत्यू घडविणे हा स्वतंत्र अपराध झाला. सद्‌भावनेने व संमतीने रुग्णाच्या हितासाठी केलेल्या कृत्यांना त्याच संहितेने संरक्षणही दिले. मुंबई इलाख्यात १९१२ च्या अधिनियमाने डॉक्टरांची नोंदणी व त्यांच्यावरील शिस्तविषयक नियंत्रण सुरू झाले. अशा रीतीने विधीची चौकट सिद्ध असली, तरी स्वातंत्र्योत्तर काळातही भरपाईचे दावे विरळाच होते. मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात भरावे लागणारे न्यायालयीन शुल्क, निकालास लागणारी दीर्घ वर्षे आणि एका डॉक्टराविरुद्ध दुसऱ्याने साक्ष देण्यास दाखविलेली नाखुशी ही त्याची प्रमुख कारणे होत.

महाराष्ट्रातील दोन खटले : या अडचणींचे स्वरूप सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या दोन खटल्यांवरून कळून येते. पहिला ‘जोशी विरुद्ध गोडबोले’ हा होय. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेत येथील समुद्रकिनाऱ्यावर सु. वीस वर्षांच्या एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. गावातील डॉक्टरांनी पाय फळ्यांनी बांधून दिल्यावर त्यास मोटारीने पुण्यास आणण्यात आले. तेथील रुग्णालयात प्लॅस्टर घातल्यानंतर त्याच दिवशी रात्री तो मरण पावला. भूल न देता केवळ मॉर्फियाच्या अंमलाखाली व अवाजवी जोर लावून हाड बसविल्यामुळे बसलेला धक्का हे मृत्यूचे कारण होय, असे आईवडिलांचे म्हणणे होते. तर चरबीचा कण रक्तप्रवाहात अडकून मृत्यू आला, असा बचाव होता. न्यायालयांनी आईवडिलांचे म्हणणे ग्राह्य धरले व ३,००० रुपयांचा हुकूमनामा दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो मे १९६८ मध्ये कायम केला. रुग्ण स्वीकारावा की नाही हे ठरविताना, कोणता उपचार द्यावा हे ठरविताना आणि तो उपचार प्रत्यक्ष देताना, अशा तीन टप्प्यांवर डॉक्टराचे दक्षतेचे कर्तव्य असते, हे या निर्णयातील प्रतिपादन पुढील बहुतेक सर्व भारतीय निर्णयांस आधारभूत झाले आहे. ३,००० रुपयांच्या या हुकूमनाम्यावर अंतिम शिक्कामोर्तब होण्यास मात्र मृत्यूनंतर पंधरा वर्षे लागली.

दुसरा ‘खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा खटला औरंगाबाद (सध्याचे छत्रपती संभाजीनगर) येथील शासकीय रुग्णालयातील होता. जुलै १९६३ मध्ये एका बाळंतिणीवर संततिनियमनाची शस्त्रक्रिया करण्यात आली. त्यानंतर तिला ताप व तीव्र वेदना सुरू झाल्या. पोट पुन्हा उघडले असता आत टॉवेल राहिल्याचे आढळले व थोड्याच दिवसांत ती दगावली. तिच्या कुटुंबीयांनी नादार म्हणून दावा लावला. दिवाणी न्यायालयाने ३६,००० रुपये देवविले. परंतु उच्च न्यायालयाने, रुग्णालय चालविणे हे राज्याचे सार्वभौम कार्य असल्याने राज्य जबाबदार नाही, या व अन्य कारणांवरून तो निर्णय फिरविला. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९६ मध्ये मूळ हुकूमनामा पुन्हा स्थापित केला. पोटात टॉवेल राहणे ही वस्तुस्थितीच हयगय सांगते, अशा वेळी नेमका दोष कोणाचा हे रुग्णाने दाखविण्याची आवश्यकता नाही आणि रुग्णालय चालविणे हे सार्वभौम कार्य नसल्याने कर्मचाऱ्यांच्या चुकीचे दायित्व राज्यावर येते, ही तीन तत्त्वे या निर्णयातून दृढ झाली. या वेळी मृत्यू व अंतिम निकाल यांत बत्तीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

संस्थात्मक दोष : काही प्रकरणांत एका डॉक्टरापेक्षा व्यवस्थेचाच दोष मोठा असल्याचे आढळले. एप्रिल १९८६ मध्ये उत्तर प्रदेशातील खुर्जा येथील नेत्रशिबिरात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ८४ जणांचा डोळा निकामी झाला. वापरलेल्या द्रावणातून जंतुसंसर्ग झाल्याचा संशय होता. आधी मिळालेल्या ५,००० रुपयांखेरीज प्रत्येकास आणखी १२,५०० रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये दिला. त्याच वर्षाच्या प्रारंभी, म्हणजे १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात विषारी द्रव्य मिसळलेले औद्योगिक ग्लिसरीन औषध म्हणून दिले गेल्याने १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने रुग्णालयातील औषधखरेदी, पुरवठादार व औषध नियंत्रण यंत्रणा या सर्वांतील दोष उघड केले. रुग्णाच्या हानीचे मूळ कित्येकदा उपचार करणाऱ्याच्या हातापलीकडे असते, हे या घटनेने स्पष्ट झाले.

ग्राहक संरक्षण : १९८६ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने सेवेतील उणिवेबद्दल जिल्हा, राज्य व राष्ट्रीय पातळीवर तक्रार करण्याची सोय केली. प्रारंभी या तक्रारींस शुल्क नव्हते, कार्यपद्धती सुटसुटीत होती व वकील देणे आवश्यक नव्हते. वैद्यकीय उपचार या अर्थाने ‘सेवा’ होतात काय, याविषयी उच्च न्यायालयांत मतभेद झाले. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी ‘इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध शांता’ या निर्णयाने हा वाद मिटविला. मोबदला घेऊन दिलेले उपचार अधिनियमाच्या कक्षेत आले. सर्वांना सर्वकाळ मोफत सेवा देणारी रुग्णालये वगळली गेली. मात्र काही रुग्णांकडून पैसे घेऊन इतरांना मोफत सेवा देणाऱ्या रुग्णालयांतील मोफत रुग्णही ग्राहक ठरले. परिणामी जी पूर्णतः मोफत शासकीय रुग्णालये गरिबांस जवळची, त्यांतील रुग्णांना हा स्वस्त मार्ग बंद राहिला व दिवाणी दावा किंवा संविधानाखालील रिट अर्ज हेच मार्ग उरले. तातडीच्या रुग्णास शासकीय रुग्णालयांनी दाखल करून न घेणे हा जीविताच्या मूलभूत हक्काचा भंग होय, असे ठरवून सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पश्चिम बंगालमधील एका जखमी शेतमजुरास २५,००० रुपये भरपाई देवविली.

२०१९ चा नवा ग्राहक संरक्षण अधिनियम जुलै २०२० पासून अंमलात आला. विधेयकाच्या मसुद्यातील आरोग्यसेवेचा स्पष्ट उल्लेख अंतिम अधिनियमात नसल्याने डॉक्टर त्यातून वगळले गेले, असा युक्तिवाद झाला. तो मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये फेटाळला व सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. तक्रार घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. २०२१ च्या नियमांनुसार ५० लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या सेवेची तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते. मागितलेल्या भरपाईचा आकडा येथे विचारात घेतला जात नाही.

फौजदारी दायित्व : तक्रारी वाढल्या तसा डॉक्टरांविरुद्ध पोलिसांकडे फिर्याद करण्याचा कलही वाढला. ५ ऑगस्ट २००५ च्या ‘जेकब मॅथ्यू’ निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी व फौजदारी हयगय यांत भेद केला. फौजदारी दायित्वासाठी हयगय ढोबळ असली पाहिजे. खटल्यापूर्वी त्याच शाखेतील, शक्यतो शासकीय सेवेतील, डॉक्टराचे निःपक्ष मत घ्यावे आणि नेहमीच्या रीतीने डॉक्टरास अटक करू नये, असे निर्देश त्यात आहेत. दिवाणी दायित्वाच्या बाबतीत ‘बोलम’ कसोटीही येथे मान्य झाली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये हयगयीने मृत्यू घडविण्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची, तर वैद्यकीय उपचार करताना नोंदणीकृत डॉक्टराकडून तसे घडल्यास दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

संमती व पुरावा : २००८ च्या ‘समीरा कोहली’ निर्णयानुसार तपासणीसाठी दिलेली संमती शस्त्रक्रियेस पुरत नाही. उपचाराचे स्वरूप, त्यातील धोके व पर्याय यांची पुरेशी माहिती देऊन ती घेतली पाहिजे आणि प्राण वाचविण्याची निकड असल्याखेरीज तिची मर्यादा ओलांडता येत नाही. एका चिकित्सापद्धतीची नोंदणी असणाऱ्याने दुसऱ्या पद्धतीची औषधे देणे ही स्वयंसिद्ध हयगय होय, असे मुंबईतील एका प्रकरणात १९९६ मध्ये ठरून मृताच्या पत्नीस तीन लाख रुपये देण्यात आले होते.

पुराव्याचा प्रश्न मात्र अधिक बिकट आहे. केसपेपर, भूल देताना केलेल्या नोंदी, परिचारिकांचे तक्ते ही सर्व कागदपत्रे रुग्णालयाच्या ताब्यात असतात. २००२ च्या व्यावसायिक आचारविषयक विनियमांनी आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपण्याचे व मागणी केल्यापासून ७२ तासांत देण्याचे बंधन डॉक्टरांवर घातले. तज्ञ साक्षीविषयीही न्यायालयांची भूमिका बदलत गेली. तक्रार पुढे चालविण्यापूर्वी तज्ञांचे मत घ्यावे, असे २००९ मध्ये म्हटले गेले. परंतु २०१० च्या ‘किशन राव’ निर्णयाने, प्रत्येक प्रकरणी असे मत आवश्यक नाही व उघड चुकीच्या बाबतीत ते मुळीच लागत नाही, हे स्पष्ट केले.

भरपाईचे मोजमाप : भरपाईचा उद्देश शिक्षा देणे हा नसून पैशाने शक्य तितके रुग्णास पूर्वस्थितीस आणणे हा होय. उपचारांचा झालेला व पुढे होणारा खर्च, बुडालेले उत्पन्न, शुश्रूषा, वेदना व सहवासाची हानी यांचा त्यात विचार होतो. २००९ मध्ये, शस्त्रक्रियेनंतर कमरेखाली लुळ्या झालेल्या एका अभियंत्यास एक कोटी रुपये, तर ऑक्टोबर २०१३ मध्ये, औषधाच्या अवाजवी मात्रेमुळे १९९८ मध्ये दगावलेल्या एका स्त्रीच्या पतीस व्याजाखेरीज सु. सहा कोटी रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. उत्पन्न हा गणनेचा प्रमुख घटक असल्यामुळे समान इजेबद्दल मजुरास मिळणारी रक्कम सधन रुग्णाच्या मानाने फार कमी ठरते. रुग्णाच्या दर्जावरून हानीचे मोल ठरविण्याची प्राचीन रीत नाहीशी झाली असली, तरी तिची छाया या गणनेत अद्याप उरली आहे.

पर्यायी व्यवस्था : दोष सिद्ध करण्याची अट काढून टाकणे हा यावरील एक उपाय होय. न्यूझीलंडमध्ये एप्रिल १९७४ पासून अपघात भरपाई योजना लागू झाली. तीत उपचारातून झालेल्या इजेचाही समावेश असून त्याबद्दल भरपाईचा दावा लावण्याचा हक्क काढून घेण्यात आला आहे. स्वीडनमध्ये १९७५ पासून रुग्णविमा योजना सुरू झाली. अशा योजनांत रक्कम मर्यादित असली, तरी ती लवकर व अधिक रुग्णांना मिळते. सार्वजनिक निधी व सर्वदूर आरोग्यव्यवस्था मात्र त्यांना आवश्यक असते. भारतात अशी सर्वसमावेशक योजना नाही. येथे डॉक्टर व रुग्णालये व्यावसायिक दायित्वाचा विमा उतरवितात आणि दाव्याच्या धास्तीने अनावश्यक तपासण्या करण्याचा किंवा जोखमीचा रुग्ण दुसरीकडे पाठविण्याचा कल वाढतो, अशी तक्रार वैद्यक व्यवसायातून होते. रुग्णालयांवरील हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्रात २०१० मध्ये स्वतंत्र अधिनियम करावा लागला. गाऱ्हाणे ऐकून घेणारी व विश्वासार्ह निर्णय देणारी यंत्रणा जेथे वेळेवर उपलब्ध नसते, तेथे अशा संघर्षास वाव मिळतो. भरपाई मागण्याचा रुग्णाचा हक्क भारतीय विधीने विस्तृत केला आहे. परंतु नोंदी सहज मिळणे, तज्ञांचे निःपक्ष मत अल्प खर्चात उपलब्ध होणे व निकाल वाजवी काळात लागणे, या तीन गोष्टी साध्य झाल्याशिवाय तो सामान्य रुग्णाच्या आटोक्यात येणे कठीण आहे.